आरशाचा कोन

डिसेंबरात इथे दुपारी दोनलाच अंधार पडतो.
कुसीवाराच्या दुकानामागे मी बस लावते,
इंजिन चालूच ठेवते. बंद केलं
तर उणे एकतीसमध्ये ते पुन्हा माझं ऐकणार नाही.
दार उघडलं की आधी वाफ आत येते, मग मुलं,
ओले मोजे, लाल नाकं, बूट आपटत.
अडीच हजार पुस्तकं, एक बाक,
मागच्या खिडकीपाशी एक संगणक.
रांग पुस्तकांसाठी नसते.

कोण काय वाचतं ते विचारायचं नाही,
हे मी पहिल्याच हिवाळ्यात शिकले.
म्हाताऱ्या यालमारीनं घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं
मासेमारीच्या दोन पुस्तकांमध्ये दडवून,
आणि मी तिन्हींवर शिक्का मारला
सारख्याच जोरानं.

आता शहरातल्या कचेरीचं पत्र आलंय:
मुलं पडद्यावर काय बघतात
त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.
माझ्याकडे डिझेल आहे.
आणि डोक्यावर एक आरसा, मागचं दाखवणारा.

आधी मी तो पडद्याकडे वळवला.
दोन दिवस सगळं दिसलं.
स्नोमोबाइलच्या किमती.
कुणी स्वतःचंच नाव शोधत होतं.
कुणी एका बोटानं टाइप करत होतं:
आई रडत असेल तर काय करायचं.
तिसऱ्या दिवशी मी स्क्रू सैल केला,
आरसा चार बोटं वर उचलला.

आता पडदा दिसत नाही. चेहरा दिसतो,
त्याच्यावर पडलेल्या उजेडासकट.
खेळताना जीभ बाहेर येते.
गणितात एकच भुवई चढते.
हसू आधी खांद्यांना येतं.

गेल्या मंगळवारी ओइवा बसला होता. दहा वर्षांचा.
त्याची पापणी लवेना.
गाडीच्या दिव्यांत सापडलेलं रेनडियर
पळायचं कुठे तेच विसरतं, तसा.
मी हॉर्न दाबला.
सगळी बस दचकली. "कोपर लागलं," मी म्हणाले,
"ओइवा, काचेवरचा बर्फ काढायला ये जरा."

बाहेर आम्ही दोघं काच खरवडत राहिलो.
बर्फाचा भुसा बाहीत जात होता.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"तो माणूस खरंच मेला का?"
मी काही पाहिलं नव्हतं.
"तुला काय वाटलं?"
"खरंच."
"मग तुला वाईट वाटतंय ते बरोबर आहे.
आणि तुझ्यासमोर ते आलं, यात तुझी चूक नाही."
त्यानं खरवडणी दुसऱ्या हातात घेतली.
"आईला सांगशील?"
"दोघं मिळून सांगू. आधी तू."
मग मी आत जाऊन ते पान बंद केलं,
न वाचता. जमेल तितकं न बघता.

गुरुवारी कचेरीनं संगणकावर चाळणी बसवली.
बसवायलाच हवी होती, मी नाही म्हणत नाही.
पण आइलाला हवं होतं
पाडस आडवं आलं तर कसं वळवायचं ते,
आणि पडदा म्हणाला, हे तुझ्या वयाला योग्य नाही.
आइलानं गेल्या मे महिन्यात, आजोबांच्या कळपात,
कोपरापर्यंत हात घालून एक पाडस ओढून काढलं होतं.
ती पडद्याकडे बघून इतकी हसली
की मलाही आवरेना.
खालच्या फळीवर पशुवैद्यकाचं जुनं पुस्तक होतं,
अकरा वर्षांत कुणी न नेलेलं.
शिक्क्याची शाई वाळली होती,
मी त्यावर हा करून फुंकर मारली.

परतताना आरसा पुन्हा खाली करावा लागतो,
लाकडाचे ट्रक मागून येतात म्हणून.
पुढच्या थांब्यावर पुन्हा वर.
स्क्रू आता घट्ट बसतच नाही.

या मंगळवारी ओइवा आला.
माउसला हात लावण्याआधी
त्यानं आरशात बघितलं, मी आहे का ते,
आणि जीभ काढून दाखवली.