पोचा

दिवसभर तुर्भ्यात मी गंज लपवतो.
हातोडी, डॉली, पोटीन, आठशे नंबरचा पाणपेपर,
आणि संध्याकाळी कुठलाही ट्रक
जन्मात कुणाला न धडकल्यासारखा उभा राहतो.

रात्री कोपरखैरण्याच्या घरी, जेवणं उरकल्यावर,
ओट्याशेजारच्या फळीवर दिवा ओढून घेतो
आणि गंज चढवायला बसतो.
शालन म्हणते, एवढंच राहिलं होतं.

खोक्यावर बर्फातल्या रस्त्याचं चित्र.
आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी,
त्यांना लटकलेले दोनशे बारा तुकडे,
प्रत्येकापाशी नंबर,
गुरांच्या कानातल्या बिल्ल्यासारखा.
एकास चोवीस. केबिन माझ्या तळहातावर मावते.
स्टिअरिंग डावीकडे होतं, ते पहिल्याच रात्री कापून
उजवीकडे नेलं. मग पॅडल, मग वायपर, मग आरसे.
एकाला हलवलं की बाकीचे म्हणतात, आम्हालाही हलव.

हौदा आइस्क्रीमच्या काड्यांचा.
ताडपत्री चहाच्या जुन्या गाळण्याची,
गोंदात बुडवून, सुकेस्तोवर चिमट्यांनी धरलेली.
कांद्याच्या गोण्या आधी कणकेच्या केल्या होत्या,
त्या जुलैत मुंग्यांनी नेल्या.

गंजाचं म्हणाल तर
आधी विटकरी रंग, त्यावर ओल्या बोटाने जाडं मीठ,
मिठावर केशरी.
वाळलं की नखाने मीठ खरवडायचं.
जिथे दाणा होता तिथून जुनं लोखंड डोकं वर काढतं.
शेवटी ग्राइंडरखालची खरी धूळ.
ती तंबाखूच्या डबीत घरी आणतो,
पोरीच्या फाटक्या ओढणीतून चाळतो.

ऑगस्टात फवारा मारता येत नाही.
खाडीवरून दमट हवा येते आणि लॅकर पांढरं पडतं,
तापातल्या जिभेसारखं.
तेव्हा मी फक्त जोडतो.
किंवा नुसता बघत बसतो.

पण खरं काम डाव्या दाराचं.

बबन खिलारे, लोणंदचा. मार्केटात कांदा घेऊन यायचा.
दहा वर्षं त्याची गाडी आमच्याकडेच.
सगळं कर म्हणायचा, तेवढा पोचा सोडून.
कडीच्या खाली, आमटीच्या वाटीएवढा.
पोराने गाडी शिकताना, पहिल्याच दिवशी,
गुऱ्हाळाच्या खांबाला घासली होती.
पोरगं कुठं असतं आता, मी एकदा विचारलं.
तो चिंधीला हात पुसत राहिला,
हात स्वच्छ झाले तरी.

मागच्या दिवाळीत त्याने गाडी विकली.
नवा मालक उलव्याचा. म्हणाला, नव्यासारखी पाहिजे.
पोचा मीच काढला.
आतून डॉली, बाहेरून आठ-नऊ टोले.
पत्रा इतका सहज वर आला
की मी दोनदा हात फिरवून पाहिला.
काहीच लागलं नाही हाताला.

आता मेणबत्तीवर खिळ्याचं डोकं तापवतो.
प्लास्टिक पत्र्यासारखं ओरडत नाही,
मुकाट्याने आत जातं.
एक दार फार खोल गेलं.
खोक्यात दुसरं डावं दार नसतं.
मग दह्याच्या डब्याच्या झाकणातून कापलं, ते वितळलं.
त्यानंतरचं परवा जमलं.
वाटी भागिले चोवीस,
मुगाच्या दाण्याहून किंचित मोठा.
अंगठा फिरवला तर अडतो.

मागच्या फळीवर बबनची ओळ राहिलीये,
पिवळ्यावर लाल, तिरकी: सांगून निघालोय.
ब्रशला मोजून दोन केस.
श्वास रोखून एक अक्षर, मग पाणी प्यायचं,
मग दुसरं.
शालन दिवा बंद कर म्हणते.
आज 'सांगून' एवढंच झालंय.
अजून ओलं आहे.