विकला गेलेला एक फोटो

बत्तीस वर्षं पीएमटीत कंडक्टर.
बुधवारी सुट्टी. बुधवारी कॅमेरा.
मेहुण्याने दुबईहून आणलेला याशिका,
त्याला नकोसा झाला म्हणून माझा झाला.

छत्तीस फोटोंचा रोल दोन-दोन महिने पुरवायचो,
एकेक क्लिक चिल्लरीसारखी मोजून.
कॅम्पातला डिक्रूझ रोल धुवायचा
आणि पाकीट हातात ठेवताना न चुकता म्हणायचा,
"मास्तर, यात तुमच्या घरचं कुणीच नाही."

खरंच नसायचं.
असायचा अप्पा बळवंत चौकातला हमाल,
दहावीच्या गाइडांच्या गठ्ठ्यावर बसून डबा खाणारा.
मंडईत काट्यावर झोपलेलं मांजर, दोन किलो नऊशे.
लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानाबाहेर चार नवरे,
चौघांच्या हातात चार पर्स,
चौघं चार दिशांना बघतायत.
स्वारगेटला एसटी सुटून गेल्यावरही
हात हलवत राहिलेला एक मुलगा.
त्याचं तोंड नेमकं खांबामागे गेलं.

रामेश्वरला गेलो तेव्हाही तेच.
सुलभा अल्बम चाळत म्हणाली, "देऊळ कुठाय?"
मी बोट ठेवलं:
हे काय, ड्रायव्हर झोपलाय ना, त्याच्या पायांमागे.
थोडं धूसर आहे.
"थोडं!"
त्यानंतर तीन दिवस चहा आला, बशी आली नाही.

फोकस मला कधी नीट जमलाच नाही.
चालत्या गाडीत माणसं बघायची सवय,
चेहरा लागतो न लागतो तोवर
त्याचा स्टॉप येतो.

तर जुना बाजार.
पंख्यांची पाती, एकेकटे बूट, बिनकाट्यांची घड्याळं
ओलांडून गेलं की एका पोत्यावर
रहमतबी किल्ल्या विकायची.
नुसत्या किल्ल्या. कुलूप एकही नाही.
"हे कोण घेतं हो?"
"ज्याचं कुलूप हाय न किल्ली हरवली, तो घेतो.
ज्याचं काहीच नाय, तोबी घेतो.
कमरेला लावायला."

एक काढला.
पुढच्या बुधवारी प्रिंट नेऊन दिली.
तिने लांब धरून पाहिली, मग डोळ्यांशी आणून,
"माझा हात कुठाय?"
उजवा हात कडेला कापला गेला होता.
किल्ली त्याच हातात होती.
म्हटलं, पुढच्या वेळी हातासकट काढतो.
तिने प्रिंट पोत्याखाली सारली
आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मग डेपो बदलला, सुट्टी शुक्रवारवर गेली.
सुलभाचं ऑपरेशन. रविवार दवाखान्याचे.
डिक्रूझने दुकान मोबाइलवाल्याला दिलं.
रिटायर झालो, तेव्हा पुन्हा गेलो जुन्या बाजारात
खिशात हात घालून, कॅमेऱ्याशिवाय.

पोतं तेच. ती तीच, जरा आटलेली.
आणि किल्ल्यांच्या मधोमध, कोपरे दुमडलेला,
माझा फोटो. विकायला.

"केवढ्याला?"
"वीस."
"अहो बाई, मीच काढलाय हा."
"मग? मी हाय ना त्यात."
"दहा घ्या."
तिने फोटो उचलला, पदराने पुसला,
कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.
"हात नाय म्हणून पंधरा."

विसाची नोट दिली.
"सुट्टे न्हाईत," म्हणाली.
बत्तीस वर्षं हेच वाक्य मी
किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल,
पुढे सरका, पुढे सरका म्हणत!
पाच रुपयांची तिने किल्ली दिली.
मी निवडायला वाकलो तर म्हणाली,
"निवडायची नाय. देईन ती घ्यायची."

फोटोच्या मागे माझ्या अक्षरात तारीख,
तिच्याखाली पेन्सिलीने रेघा, पाचापाचांच्या जुड्या,
कसला हिशेब कोण जाणे.
आमच्या दारांना, कपाटाला, सुलभाच्या ट्रंकेलाही
किल्ली लावून पाहिली. नाही.
खिशातच असते. जिना चढताना
सुट्ट्या पैशांत मिसळून वाजते,
पूर्वी चामड्याची पिशवी वाजायची तशी,
आणि वरच्या मजल्यावरचं पोर दार उघडून बघतं
कोण आलं ते.