दगड, दोरीशिवाय

नोंद क्रमांक चारशे बारा.
दगड. भोक एक. वजन सहा किलो दोनशे.
वापरणारा : मोती काढणारा पाणबुड्या.
हातमोजे घालून हे लिहिते मी
मुहर्रकच्या संग्रहालयाच्या तळघरात,
जिथे दगडालाही शहारे यावेत इतका एसी.

संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या गाळ्यात
हातमोजे काढते, माती मळते,
भद्रावतीला शिकले तशीच,
आधी टाचेने, मग तळहाताने.
माती मात्र इथे गोणीतून येते, स्पेनहून,
आणि नळाचं पाणी ओठाला किंचित खारं.
डॉक्टर नायला विचारतात,
तू नक्की कोण? अभ्यासक की कुंभार?
मी म्हणते, नखं बघा.

फरज मुबारक, रात्रपाळीचा पहारेकरी,
माझ्या खांद्यावरून नोंद वाचून
मोडक्या हिंदीत म्हणाला :
बाई, पाणबुड्या यावर पाय ठेवून नुसता खाली जायचा.
दगड वर ओढायचा माझा आजा.
दिवसाला पन्नास बुड्या, पन्नासदा.
पाणबुड्यांचे कान फुटायचे, त्यांची गाणी झाली.
आजाच्या तळव्यांचं काय झालं
ते आजीला विचारायचं राहून गेलं.

संगणकात रकाना एकच.
दोन माणसं घातली की लाल होतो.
मग तळटीप दिली : तोंडी माहिती, फ. मु., पहारेकरी.
समितीकडून परत आली तेव्हा
'पहारेकरी'भोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं.

त्या आठवड्यात चाकाला हात लावला नाही.
मातीचाच दगड केला, दोन किलो जास्तीची माती घेऊन,
कारण भट्टी आपला वाटा काढून घेते;
महिनाभर सावलीत वाळवला, नाहीतर फुटला असता
(हे माझ्या प्रबंधात कुठेच नाही).
भाजून निघाला तो सहा किलो दोनशे चाळीस.
चाळीस ग्रॅम माझे.

भोकातून काथ्या ओवला.
फरज आला, चपला दाराशी काढल्या,
मला ओढताना पाहिलं आणि हसला.
फार खाली धरतेस. पाठ जाईल.
माझी बोटं त्याने सरकवली, वीतभर वर.

सकाळी नोंद पुन्हा उघडली.
मोजमापांच्या रकान्यात, लांबी-रुंदीच्या खाली
लिहिलं : दोरी वीतभर वर धरावी.
तो रकाना काही लाल होत नाही.