तीन नंबरची खोली, तुर्भे

हापूस एक दोन तीन.
सात वर्षं कोल्ड स्टोरेजचा हाच पासवर्ड,
लोडिंगच्या खांबावर खडूनं लिहिलेला,
टपरीवरच्या पोऱ्यालाही पाठ.

आज रात्री मी तो पुसला.
आता प्रत्येक स्कॅनरनं आपापलं नाव सांगायचं.
छताला टांगलेली पांढरी तबकडी
स्वतः काहीच ठरवत नाही,
निरोप फक्त जिन्याखालच्या सर्व्हरकडे नेते
आणि त्याचं हो-नाही घेऊन परत येते.
दोघांमधली गुप्त खूण मी एक अक्षर चुकले,
तर अर्धा तास सगळ्यांनाच नाही.

अकरा आले. बारावा येईना.
पडद्यावर एक ओळ: प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.
उणे अठरात त्याची बॅटरी मेली होती,
शुद्धीवर आला तेव्हा त्याच्यापुरती
एक जानेवारी दोन हजार.
त्याच्या हिशोबानं सर्व्हर अजून जन्मायचा होता.
पुढच्या सालाचा शिक्का मारलेल्या कागदावर
कोण शहाणा विश्वास ठेवेल?

मी तेव्हा सातवीत, कोपरखैरण्यात.
वीजबिल आधीच्या मालकाच्या नावावर,
आणि बाबा रेशन ऑफिसात दर सोमवारी:
आम्ही इथंच राहतो, साहेब.

मढवीमामांनी स्कॅनर काखेत धरला
ऊब लागेपर्यंत.
मग मी तारीख सरकवली,
एकेक वर्ष, बोटानं.
हिरवा दिवा.

मामा खांबाकडे बघत राहिले.
"आता हितं काय लिवाचा, पोरी?"