कोरम

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो
आणि हॉलचं कुलूप निघतं.
माझगावात गोदीच्या दिव्यांपुढे तारा दिसेल तर शपथ,
म्हणून आम्ही दिवेकरांच्या मनगटाकडे बघतो.
त्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे.
देवाला ठाऊक आहे. तो बोलत नाही.

इतिवृत्त मी लिहिते. एकोणतीस वर्षं.
टेलिफोन खात्यातली नोकरी सुटली,
हे काही सुटलं नाही.
आज फळ्यावर विषय होता
‘तरुण पिढी आणि आपण’.
हजर असलेल्यांत सगळ्यात तरुण मी,
आणि मला दोन्ही गुडघे नवे बसवलेत.

पलीकडच्या खोलीतून आवाज येत होता,
टक्. टुक्. टक्.
बाकी त्या खोलीत कॅरम आहे, पावडर नाही,
हाउझीचे आकडे आहेत, त्यात एकेचाळीस हरवलाय
आणि गेली सहा वर्षं
एकेचाळीसवाल्याला कधी फुल हाउस लागत नाही.

टेबल टेनिसला मात्र दोघं लागतात.
रॉनी कोर्लेकर अश्दोदला गेला,
त्याच्या मागून नेटजवळच्या त्या जुळ्या बहिणी.
उरला जोएल, अकरा वर्षांचा.
दोन महिने तो भिंतीशी खेळला.
मग एका रात्री भिंतीने चेंडू परत दिला तो वेगळाच,
तिरका, फिरकी घेऊन.
रखवालदाराची नसरीन होती.

एलायझर पेझारकर उठले. खजिनदार.
म्हणाले, नियम सात.
क्रीडाकक्ष फक्त सभासदांसाठी.
मुलगी गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही,
पण नियम म्हणजे नियम.
सेगुलाबाई म्हणाल्या, मग जोएलशी तुम्ही खेळा.
त्यावर बराच गोंधळ. मी लिहिलं, ‘साधकबाधक चर्चा झाली.’

तेवढ्यात नौगावकर काका,
ज्यांना आम्ही सगळे झोपलेले समजत होतो,
डोळे न उघडता म्हणाले,
गलबत फुटलं, आपली माणसं किनाऱ्यावर ओलीचिंब उभी राहिली,
तेव्हा गावातलं कोणी
नियम सात वाचून दाखवायला आलं होतं का रे?
म्हणाले असतील, बसा. घाणा घ्या.
शनिवारी नाही चालवलात तरी चालेल.

पेझारकर म्हणाले,
काका, तेव्हा टेबल टेनिस नव्हतं.

हसले सगळे. काकाही.
मतदान घ्यायचं ठरलं, तर कोरम नाही.
आधी पंचवीस लागायचे, मग पंधरा केले, मग दहा.
आज नऊ.
नऊ माणसांना काहीच ठरवता येत नाही,
फक्त सांदणं खाता येतात, ती खाल्ली.

आणि मग चेंडू आला,
दारातून, खुर्च्यांखालून,
पेझारकरांच्या चपलेशी थांबला.
कमरेला पट्टा लावलेला माणूस किती हळू वाकतो
ते बघवत नव्हतं.
उचलला, कानाशी धरून हलवला.
चिरलाय, म्हणाले.
खिशातून किल्ल्या काढल्या, कपाट उघडलं,
नवा चेंडू घेतला, आणि दारात उभ्या त्या मुलीपुढे
स्टॉकची वही धरली.
सही कर. सहीशिवाय चेंडू मिळत नाही.
तिने केली, घामेजल्या हाताने, पूर्ण नाव,
‘सभासदाचे नाव’ या रकान्यात.

पेझारकरांनी चष्मा लावला नव्हता.
की लावला होता, मला आता नक्की आठवत नाही,
आणि मी इतिवृत्तात लिहिलंय ते इतकंच,
विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
चेंडू, नग एक.