सूर्याला बटण नसतं

दिवाडी बेट. एप्रिल. सकाळचे पावणेअकरा.
पत्र्यावरच्या बारांपैकी सातवं पॅनल गप्प.
मोबाइलवर अकरा निळे चौकोन
आणि मध्ये एक राखाडी, पडलेल्या दातासारखा.
मी शिडी लावलीच होती.
तेवढ्यात सांतानचा फोन, मागे फेरीबोटीचा भोंगा:
"हात लावूं नाका, बाय. रायबंदर पावलां."

आला. पिशवीत रबरी हातमोजे, मीटर
आणि बिस्किटाच्या डब्यात एक लाल कुलूप.
वर गेलाच नाही.
जिन्याखालच्या पेटीपाशी उकिडवा बसला,
ब्रेकर पाडला, कुलूप घातलं,
किल्ली शर्टाच्या खिशात.
मग घरातल्या एकेकाला बोलावून ते कुलूप दाखवलं.
माझ्या सासऱ्यांना हल्ली नीट दिसत नाही,
त्यांनी ते बोटांनी चाचपलं.

मीटर आधी शेजारच्या घरातल्या चालू सॉकेटवर,
मग आमच्या मेलेल्या तारेवर,
मग परत शेजारी.
एवढी पायपीट कशाला, मी विचारलं.
"मीटरच मेल्लो आसलो जाल्यार?"

वर पत्रा तव्यासारखा.
कमरेचा दोर टाकीच्या खांबाला.
मी खालून ओरडले, सगळं बंद केलंय ना,
ओढ की तो प्लग!
तो हसला नाही.
"खालची बाजू आपली, बाय. वरची त्याची.
सूर्याला बटण नसतं."

माझी सोलं वाळवायची ताडपत्री मागून घेतली,
काळी, जांभळ्या डागांची.
सातव्यावर पांघरली, कोपरे सुतळीने आवळले.
तारेला चिमटा लावून आकडा बघितला.
शून्य.
आणखी एकदा बघितला.
तेव्हा कुठे जोड सोडवला.

आतली पिन हिरवी पडलेली.
खारं वारं शिरलं होतं, कारण जोड
पुरता बसलाच नव्हता कधी.
बसला की टिक् असा आवाज येतो म्हणे.
चार वर्षांपूर्वी कुणीतरी तो ऐकायला थांबलं नव्हतं.

कुणी बसवलं होतं रे हे?
तो बराच वेळ पिनकडे बघत राहिला.
"हांवें."
आणि ती हिरवी पिन
किल्लीच्या खिशात टाकली.

नवे जोड लावताना
मला शिडीवर बोलावलं, निम्म्यापर्यंतच,
आणि म्हणाला, आयक.
टिक्.

ताडपत्री उतरली. तो उतरला. कुलूप उघडलं.
ब्रेकर वर.
आता पाच मिनिटं ते यंत्र
सरकारी विजेची चाल ऐकत बसणार,
सूर जुळला तरच बोलणार.
आम्ही जिन्यावर.
सासरे मोठ्याने आकडे मोजतायत, मध्येच चुकतायत,
एकशे चाळीसवरून पुन्हा एकशे तीस.
चहा निवला.
चौकोन अजून राखाडी.

धक्क्याकडून फेरीचा भोंगा आला.
सांतान उठला नाही.