लोडरसकट

उगावला केरू नाना धात्रकांच्या खळ्यात
बेदाण्याच्या शेडमागे तो उभा होता.
पुढे लोडरची बकेट, मागे विंचवासारखी नांगी मुडपून
उकरायचा हात.
एक्काहत्तरचं मॉडेल. निळा रंग ऊन पिऊन पिऊन
राखेचा झालेला.
मडगार्डवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं : ‘हळू’.

मी खिशातून व्हर्नियर काढला.
सातपूरला एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस
देवळातसुद्धा घंटेचा व्यास आधी बघतो.
बूमच्या पिनेत दोन मिलिमीटर ढिलाई,
बुश अंड्याच्या आकाराचं,
होसपाइप तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबनं बांधलेला.
तेल जमिनीवर जास्त, टाकीत कमी.
एकेक दोष मी मोठ्यानं वाचला,
म्हणजे भाव उतरेल.
नाना तंबाखू मळत म्हणाले,
‘माणसातपण निघंल एवढं, मोजायला बसलात तर.’

ते साडेतीन लाख म्हणाले, मी अडीच.
चहा झाला. पावणेतीनवर गाडी आली,
पण गाडी सुरूच होईना.
सेल्फ मारला, नुसता खोकला.
पुन्हा खोकला.
नानांनी टायरला लाथ मारली,
जी आजवर कुठल्याच इंजिनाला लागलेली नाही.

तेव्हा आतून ठकूबाई आल्या,
कोपरापर्यंत बाजरीचं पीठ.
‘सरका,’ म्हणाल्या. नवऱ्याला की मला, कळलं नाही.
पदर खोचून वर चढल्या,
हीटरचं बटण दाबून वीस आकडे मोजले, घाई नाही,
मग किल्लीच्या जागी असलेला स्क्रू-ड्रायव्हर फिरवला.
शेडवरची साळुंकी उडाली.
खळं थरथरायला लागलं,
तांब्यातलं पाणीसुद्धा.

त्या मागं तोंड करून बसल्या, दांड्यांवर हात ठेवून.
‘ही डावी रुसूबाई. हिला ओढायचं नाही, सांगायचं.
उजवी उतावळी, तिला अर्धंच द्यायचं.
दोन्ही एकदम धराल तर हात लटकून राहतो,
ना खाली ना वर,
वाटणीच्या बैठकीसारखा.’

नांगी उलगडली, दात मातीला टेकले,
आणि सहा फुटांचा चर निघाला.
कडा अशा, की मी गुण्या लावला असता
तर गुण्याच चुकला असता.

व्हर्नियर मी खिशात ठेवला.

नाना शेडच्या पत्र्याकडं बघत म्हणाले,
‘सत्तावीस शेततळी हिनंच खणली.
लोक मला ऑपरेटर म्हणायचे.
मी डिझेल आणायचो.’

‘तीन घ्या,’ मी म्हणालो.
स्वतःच्या तोंडून स्वतःवर वाढलेला भाव
जन्मात पहिल्यांदा ऐकला.
ठकूबाई उतरता उतरता म्हणाल्या,
‘पावणेतीन ठरलंय ना?
वरचे पंचवीस पिना-बुशांना घाला.’

साक्षीदाराच्या रेघेवर त्यांनी सही केली,
पूर्ण नाव, एकही काना न गाळता.
कागदाच्या कडेला पिठाचा अंगठा उमटला, तो वेगळा.

निफाड, चांदोरी, शिलापूर. ताशी सोळा.
मागे द्राक्षांच्या क्रेटचे टेम्पो, हॉर्नवर हॉर्न.
एक पोरगा मोटारसायकलवरून वळून ओरडला,
‘आजोबा, म्युझियम कुठं हलवताय?’
नांदूर नाक्यावर बंद पडू नये म्हणून
मी सिग्नललाच हात जोडले.

मखमलाबादच्या तुकड्यात, पेरूच्या रोपांसाठी,
पहिला खड्डा वाकडा.
दुसरा त्याहून.
फोन लावला. पलीकडे भांडी.
‘आवाज ऐकवा,’ म्हणाल्या.
मी फोन इंजिनापाशी धरला.
बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
भांडीही थांबली.
मग : ‘डावीला अजून ओढताय तुम्ही.’

पुढच्या आठवड्यात ओळखीच्या वर्कशॉपात
पिना मीच कातून घेणार आहे.
अर्ध्या सुताचीही चूक होणार नाही, हात अजून तेवढा आहे.
फक्त डाव्या दांडीच्या पिनेला
थोडी ढिलाई मुद्दाम ठेवीन.
रुसायला जागा लागते.